‘निजेल’ म्हणजे कधी?

चहात साखर नाही, एवढं साधं वाक्यही गुरुजींसमोर बोलायची सोय नव्हती.

“असं कशावरून?” ते विचारायचे.

“गोड लागत नाही म्हणून.”

“तुझी जीभ आज बरी आहे, हे कशावरून?”

तोवर चहा गार व्हायचा. मग गार चहा जास्त गोड लागतो की कमी, यावर आणखी पाच मिनिटं. साखरेचा डबा सगळा वेळ त्यांच्या मांडीला लागून, झाकण घट्ट लावलेला. शेवटी मी बिनसाखरेचा चहा प्यायला शिकलो आणि अजून तसाच पितो. घरचे समजतात, तब्येतीसाठी.

मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आमची दोनशिक्षकी शाळा होती. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि उन्हाळ्यात आटणारी एक विहीर. ते मुख्याध्यापक, मी नवीन लागलेला. पोरं त्यांना ‘मोठे गुरजी’ म्हणत आणि मला ‘बारके गुरजी’. आता मी पंचेचाळिशी ओलांडली, केस गेले, पण मनातल्या मनात बारकाच राहिलो. का, ते सांगायला हे लिहायला घेतलंय. आधी त्यांच्याबद्दल सांगतो. स्वतःबद्दल बोलायला मला वेळ लागतो.

ते सोलापूरकडचे. डोंगर बघितला तो थेट नोकरीच्या ऑर्डरीबरोबर. उंच, वाकलेले, खिशात कायम काहीतरी हलणारं. एकदा केंद्रप्रमुखांसमोर त्यांनी जेवणाचा डबा उघडला तर आत पाल्यावर एक खेकडा बसलेला. “हा आज उपस्थित आहे,” एवढंच म्हणाले आणि डबा बंद केला. भाकरी दुसऱ्या खिशात होती.

‘चूक’ हा शब्द त्यांनी वर्गातून हद्दपार केला होता. लाल पेन होतं, पण त्यानं ते फक्त एसटीच्या वेळा लिहीत, कारण त्या चुकीच्याच असतात असं त्यांचं म्हणणं. पोरानं काहीही सांगितलं की एकच प्रश्न, असं कशावरून? पोरंही ते घरी घेऊन गेली. एकदा एक म्हातारी काठी टेकत शाळेत आली. पडवीतूनच ओरडली, “गुरजी, माझे नातवाला काय शिकवता तुम्ही?”

“काय झालं, आजी?”

“काल मी त्याला बोलली, मी तुझी आजी हाय, माझा ऐक. तं मला विचारतंय, कशावरून!”

गुरुजी गंभीर झाले. “मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगायचा? काठी दाखवली!”

“म्हणजे पुरावा दिला,” गुरुजी म्हणाले. म्हातारी आधी चिडली, मग तोंडाला पदर लावून हसली, आणि पुढे दर आठवड्याला ती नातवाची नवी तक्रार घेऊन येऊ लागली. मला वाटतं, तिला करमत नसावं.

इथली बोली ते पोरांकडून शिकले, आणि शिकताना पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडले. एका घरावरून जाताना बाईनं विचारलं, “गुरजी, जेवेल का?” गुरुजींना वाटलं, गुरुजी जेवतील का असं विचारतेय. केवढी माया! “जेवेन की!” म्हणून ते ओट्यावर मांडी घालून बसले. बाई बिचारी गोंधळली. तिनं नुसतं विचारलं होतं, जेवण झालं का? आमच्या बोलीत ‘जेवेल’ म्हणजे जेवून झालेला. ‘मरेल’ म्हणजे मेलेला. ‘निजेल’ म्हणजे झोपलेला. पुस्तकात जे पुढे कधीतरी व्हायचं असतं, ते आमच्याकडे होऊन गेलेलं असतं. बाईनं मुकाट चूल पेटवली, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापली, आणि शेजारच्या चार बाया दाराआडून हसत उभ्या राहिल्या. गुरुजींना खरा अर्थ कळला तो जेवून झाल्यावर. तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “आता जेवेल!”

मी ‘आमच्या बोलीत’ म्हणालो. हे वाक्य तेव्हा मी कुणाला बोललो नसतो. मी याच भागातला, जामसरकडचा. घरी हीच बोली. पण आश्रमशाळेत घरचा शब्द तोंडातून निसटला की अंगठे धरून उभं राहावं लागे. मी जिद्दीनं ती बोली अंगातून काढून टाकली. डी.एड.ला गेलो तेव्हा पोरं विचारायची, तू पुण्याचा का? तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पुरस्कार होता. पाड्यावर नोकरीला आलो तरी पोरांशी पुस्तकासारखाच बोलायचो. सोलापूरचा माणूस वाकडीतिकडी बोली बोलायचा, बाया हसायच्या, आणि मी, इथला, बाजूला इस्त्रीच्या शर्टासारखा उभा.

गुरुजींकडे एक लांबोडकी वही होती, हजेरीपटाच्या आकाराची. तिच्यात ते पोरांची उत्तरं लिहीत. पोराचं नाव, इयत्ता, त्या दिवशीचं हवामान, आणि उत्तर जसंच्या तसं, बोलीत. हवामान कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाले, “ढगाळ दिवशी पोरं वेगळा विचार करतात.” असं कशावरून, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

मी ती वही चोरून वाचायचो. त्यातलं काही अजून पाठ आहे. काजवा दिवसा चार्जिंगला लावलेला असतो. ढग डोंगरावर टेकतो, कारण समुद्रापासून चालत आलेला असतो, दमतो. विमान पुढे आणि आवाज मागे, कारण विमान पळतं, आवाज चालतो. आणि एक माझं फार आवडतं. पेरणीच्या आधी शेतात पाला, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राब का भाजायचा? तर दुसरीतल्या एका पोरीचं उत्तर होतं: बाळंतिणीला शेकतात तशी जमीन शेकायची, तिला आता रोप होणार.

ही पोरगी जयवंती. जयी. काळी, किडकिडीत, पुढचे दोन दात नसलेली, आणि वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी. गुरुजींच्या वहीत निम्मी पानं तिची होती.

पाण्याचा धडा पुस्तकात जूनमध्ये यायचा. गुरुजी तो एप्रिलपर्यंत शिकवतच नसत. “पाणी कुठं जातं हे भरल्या विहिरीजवळ कोण विचारेल?” विहिरीचा तळ दिसायला लागला की वर्ग विहिरीपाशी. पाणी गेलं कुठं? कुणी म्हणालं, वर. कुणी म्हणालं, ठाण्याला, माझे काकासारखं. जयी म्हणाली, खेकडे घेऊन गेले. खेकडा खाली खाली बीळ करतो, पाणी त्याच्या मागं मागं जातं.

“असं कशावरून?”

“बिळात हात घाला. गार लागंल.”

बावन्न वर्षांच्या माणसानं घातला. बीळ खरोखर गार होतं, आणि खेकडा खरोखर घरी होता. पंधरा दिवस त्यांचं बोट पट्टीत. कुणी विचारलं की ते बोट वर करून सांगत, “पुरावा आहे.” पण गंमत बघा, त्या निमित्तानं पोरांनी सगळी बिळं मोजली, कुठलं ओलं, कुठलं कोरडं बघितलं. पाणी खाली सरकतं म्हणून खेकडा खाली जातो की खेकडा नेतो म्हणून पाणी जातं, यावर चार दिवस मारामारी चालली. गुरुजी निकाल देईनात. मला चीड यायची. एका वाक्यात सांगून टाका ना! मी तसं म्हणालोसुद्धा. तर म्हणाले, “सांगितलं की ते थांबतील रे.”

मग सजीव-निर्जीवचा धडा आला. गुरुजींनी एका घरातल्या कणगीतून मूठभर नागली आणली आणि टेबलावर ओतली. हे जिवंत आहे का?

वर्गाची दोन टोळकी झाली. एक ‘मरेल’वाले. हलत नाही, खात नाही, कणगीत वर्षभर पडून असतं, म्हणजे मरेल हाय. दुसऱ्या टोळक्याची पुढारी जयी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मरेल असतं तं पेरल्यावर उठलं असतं का? मरेल कंदी उठतं का? हां, निजेल उठतं. हे निजेल हाय.”

गुरुजी खुर्चीवर मागे रेलले. संध्याकाळी मला म्हणाले, “सुप्तावस्था म्हणतात याला मोठ्या पुस्तकांत. दोन दात नसलेल्या पोरीनं काढलं बघ.”

“मग सांगा की तिला.”

“भांडू दे अजून चार दिवस.”

‘मरेल’वाल्यांनीही हार मानली नाही. त्यांनी आव्हान दिलं: आम्ही नागली भाजतो, मग बघू उठते का. दोन डबे केले. एकात भाजलेली, एकात साधी. ओली माती, पडवीच्या कोपऱ्यात. डब्यांवर गुरुजींनी पोरांनाच चिठ्ठ्या लावायला सांगितल्या, ‘मरेल’ आणि ‘निजेल’. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी सगळी पोरं डब्यांवर वाकलेली. सांगतो, प्रार्थनेला कधी इतकी शांतता नव्हती.

आणि तपासणी आली.

साहेब नवीन होते, घाटावरचे. रस्ता संपतो तिथून पाड्यापर्यंत त्यांना माझ्या मोटारसायकलवर आणायचं होतं. वाटेत ते बोलत होते, मी उत्तरं देत होतो. चढावर एका वळणाला ते म्हणाले, “तुमची भाषा एकदम स्वच्छ आहे हो! तुम्ही इकडचे आहात असं वाटतच नाही.”

एवढंच वाक्य. मी पुढचा सगळा रस्ता ते तोंडात गोळीसारखं चघळत गेलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. घाईत होता. वर्गात आले, टेबलावरची नागली बघितली, आणि समोरच बसलेल्या जयीला विचारलं, “सांग बाळ, बी सजीव की निर्जीव?”

जयी उठली. “निजेल हाय.”

“निजेल?” साहेब हसले. “निजेल म्हणजे कधी? उद्या?”

“नाय. आता.”

“आता निजेल?”

“आता निजेल हाय. मंग उठंल.”

साहेबांनी बाकी वर्गाकडे बघितलं. “अरे, बी कधी निजेल म्हणते ही? रात्री का?” त्यांच्यामागून पायी आलेला त्यांचा कारकून मोठ्यानं हसला. मग पोरंही हसली. साहेब हसले की हसायचं असतं, हे पोरांना न शिकवता येतं. जयी वळून मागे बघू लागली, सगळे का हसतात ते तिला कळेना.

गुरुजी पुढे झाले. “साहेब, इथे निजेल म्हणजे—”

“थांबा गुरुजी, तुम्ही बाहेरचे. यांना विचारू.” साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही इकडचेच ना? काय म्हणतेय ही?”

आता लिहितो. इतकी वर्षं हे वाक्य मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मला कळलं होतं. माझी आई रोज सकाळी माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून म्हणायची, बारका निजेल हाय, गलका करू नको. त्या शब्दात मी वाढलो. दोन शब्दांचं काम होतं: झोपलंय म्हणतेय. पण ते सांगितलं असतं तर मी त्या बोलीतला ठरलो असतो. अर्ध्या तासापूर्वी मिळालेलं स्वच्छपण गेलं असतं.

मी म्हणालो, “काही नाही साहेब. चुकतंय तिचं. काळ अजून नीट येत नाहीत.”

जयी माझ्याकडे बघत होती. मी डब्यांकडे बघितलं. त्यांत अजून काही उगवलं नव्हतं.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की विद्यार्थ्यांना सजीव-निर्जीव आणि काळ या मूलभूत गोष्टी अवगत नाहीत, आणि मुख्याध्यापक अशुद्ध बोलीस व चुकीच्या कल्पनांस उत्तेजन देतात. अक्षर सुंदर होतं. गुरुजींनी खाली सही केली आणि साहेबांना रस्त्यापर्यंत सोडायला मला पाठवलं.

परत आलो तेव्हा शाळा सुटली होती. ते पडवीत बसले होते, वही मांडीवर. मला म्हणाले, “तुला खरंच कळलं नाही?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात पोरांना विचारत तसंच विचारलं. तेव्हा तरी सांगायचं होतं.

“नाही कळलं,” मी म्हणालो.

 मी वाट बघत होतो, आता म्हणतील, असं कशावरून? ते म्हणाले नाहीत. नुसतं ‘बरं’ म्हणाले, वही उघडली, एकदा आभाळाकडे बघितलं आणि लिहायला लागले. माझं नाव, हवामान, उत्तर. ते पान मी कधी बघितलं नाही. त्यानंतर ती वही चोरून वाचायचं धाडस मला झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ‘निजेल’च्या डब्यातून हिरवे केस वर आले. ‘मरेल’चा डबा तसाच. पोरं नाचली. जयी जागेवर बसून होती. गुरुजींनी हाक मारली, “जयी, ये, तुझं उठलं बघ!” ती आली नाही. “तुम्हीच सांगा गुरजी काय हाय तं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तिला काही विचारलं की ती आधी आमच्या तोंडाकडे बघायची, कुठलं उत्तर हवंय ते शोधायची.

पुढच्या बदल्यांत गुरुजी खालच्या रस्त्यावरच्या शाळेत गेले. शेऱ्यामुळेच, असं कुणी लिहून दिलं नाही, पण दुसरं कारणही कुणी सांगितलं नाही. ते जाताना ती काठीवाली म्हातारी उतारापर्यंत गेली, आणि तिथे उभी राहून त्यांच्याशी भांडली की जाताच कशाला. त्यांनी तिच्या काठीला हात लावला आणि ते उतरू लागले. 

वर्ग माझ्याकडे आला. पुढच्या तपासणीला जयी उभी राहिली आणि म्हणाली, “बी सजीव आहे. सजीवांना वाढ असते.” ‘आहे’. ‘हाय’ नाही. शेरा उत्तम मिळाला. गुरुजींच्या हाताखाली भांडणारा वर्ग माझ्या हाताखाली शुद्ध झाला आणि गप्प झाला. मला शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

यंदा गंमत झाली. वरून सूचना आली की लहान मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवा, शब्दसंग्रह तयार करा. स्थानिक शिक्षक म्हणून काम माझ्याकडे. मी, इथला! टेबलाशी बसून मी घरचे शब्द आठवू लागलो आणि येईनात. आई जाऊन वर्षं झाली. ‘न’पर्यंत पोचलो तेव्हा पेन थांबलं.

त्यांचा नंबर मिळवला. ते निवृत्त होऊन गावी आहेत, कानाला कमी ऐकू येतं. मी ओरडून ओरडून सांगितलं, “गुरुजी, तेव्हा मला कळलं होतं!”

“काय कळलं होतं?”

“निजेल! मला अर्थ माहीत होता!”

 पलीकडून ते हसले. “अरे, मग? मी काय तेव्हा निजेल होतो?”

 तेच पुढे म्हणाले, “माझं काय बिघडलं? मला खाली रस्त्यावरसुद्धा पोरं मिळाली. माझ्याकडे कशाला कबूल होतोस? जिच्याकडे जायचं तिच्याकडे जा.” आणि लगेच, “तिकडे खेकडे आहेत ना अजून?”

जयीचं सासर मोखाड्याच्या अलीकडे. गेलो तेव्हा ती अंगणात नागली पाखडत होती. अंगावर एक लहान पोर, बाजूला सासू. मला ओळखलं, पाणी दिलं. मी बसलो, आणि तयारी करून आणलेलं बोलू लागलो. “जयवंती, त्या तपासणीच्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. मला त्याचा अर्थ माहीत होता. परंतु मी…”

तिचे हात थांबले. “माहीत होता?”

“हो.”

“मंग मी येडी ठरली ती फुकट?” ती सुपाकडे बघत म्हणाली. “मला वाटायचा, आमचे घरातच सगळी चुकीचा बोलतात. माझे आयला घरी सांगायची, असा नको बोलू, शाळेत हसतात.”

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या गुरजी, जुनी गोष्ट. ती तसं म्हणाली नाही.

“परत सांगा,” ती म्हणाली. “असा पुस्तकातला नको. घरी बोलता तसा सांगा. हिला पन कळू दे.” तिनं सासूकडे मान हलवली.

मी तोंड उघडलं. शब्द आले ते अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, लिंग चुकलेले, शेवट तुटलेले. मध्येच थांबलो, पुन्हा सुरू केलं. अंगावरचं पोर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतं. सासू हसू दाबत जयीला म्हणाली, “हा कुठला गो? आपली बोली आयकून आयकून शिकेल दिसतो.”

“नाय,” जयीनं सूप खाली ठेवलं. “आपल्यातलाच हाय. हसू नको. बोलू दे त्याला.”